नऊ प्राणी, एक टी-शर्ट आणि चिखल

पत्र

आमचा वन्यजीवप्रेमींचा छोटा गट आहे. जनजागृती फेरीसाठी ८० टी-शर्ट करायचं ठरलं आणि चित्राचं काम माझ्या गळ्यात पडलं. गडद हिरवा शर्ट, छातीवर पृथ्वीचा गोल, गोलात वाघ, हत्ती, गेंडा, पांडा, ध्रुवीय अस्वल, समुद्री कासव, गिधाड, चित्ता आणि खवले मांजर असे नऊ संकटग्रस्त प्राणी, प्रत्येकाला नीट छायाप्रकाश दिलेला, आणि खाली कमानीत ‘वन्यजीव वाचवा, पृथ्वी वाचवा’. संगणकावर चित्र फार सुरेख दिसत होतं. छापलेला नमुना हातात आला तेव्हा रडूच आलं. सगळे प्राणी चिखलात लोळून आल्यासारखे दिसतात, खवले मांजराचा तर नुसता डाग झालाय. अक्षरांची शिरोरेषा तुटली आहे आणि ‘वन्यजीव’मधला ‘न्य’ फुटून पाय मोडका ‘न्’ आणि ‘य’ वेगळे पडलेत. छापणारे म्हणतात फाइल वाईट, मी म्हणते छपाई वाईट. आणखी मोठ्या रेझोल्यूशनची फाइल दिली तर सुधारेल का? गटातल्या एकाला पाठीवर क्यूआर कोडही हवाय. नमुन्याचा फोटो सोबत पाठवते आहे. मला चित्रकला येते, पण कापडासाठी हे पहिलंच काम.

– हिरव्या शर्टातली हताश

उत्तर

प्रिय हताश,

फाइल कितीही मोठी केलीत तरी हा नमुना सुधारणार नाही. फोटो पाहून सांगायचं तर तीन हिस्से दोष चित्राचा आहे आणि एक हिस्सा छपाईचा. छपाईचा एवढ्यासाठी की हे चित्र या कापडावर बसणार नाही, हे छपाईची स्क्रीन (जिच्यातून शाई कापडावर उतरते ती जाळी) करायच्या आधीच छापणाऱ्यांनी तुम्हाला सांगायला हवं होतं.

आधी नुसता हिशेब बघा. तुमचा गोल २८ सेंमी व्यासाचा आहे. त्यात सारखे नऊ गोल बसवले तर प्रत्येकाच्या वाट्याला पावणेआठ सेंमी येतात. एवढ्या जागेत नाकापासून शेपटीपर्यंत खवले मांजर काढलंत की एकेक खवला दोन-तीन मिलिमीटरचा होतो आणि दोन खवल्यांमधली रेघ जेमतेम ०.२ मिमीची. शाई कापडावर पडली की धाग्यांच्या कडेने पसरते. ०.२ मिमीची मोकळी फट पहिल्याच फटक्यात बुजते आणि खवल्यांचा डाग होतो. संगणकावर तुम्ही चित्र मोठं करून बघत होतात, म्हणून फसलात. काम करताना मधूनमधून चित्र खऱ्या मापात कागदावर छापा, तो कागद शर्टावर चिकटवा आणि तीन मीटर मागे जाऊन बघा. समोरून येणारा माणूस शर्टाकडे दोन-तीन सेकंद बघतो. तेवढ्यात जे कळेल तेवढंच तुमचं चित्र.

तेव्हा आठ प्राणी काढून टाका. जीवावर येईल, पण त्या नवांना एका माळेत ओवणं माहिती म्हणूनही कच्चं आहे. आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या लाल यादीत ‘असुरक्षित’, ‘संकटग्रस्त’ आणि ‘अतिसंकटग्रस्त’ अशा चढत्या पायऱ्या आहेत, आणि तिन्ही मिळून ‘धोक्यात असलेल्या’ प्रजाती. पांडा २०१६ मध्ये ‘संकटग्रस्त’वरून ‘असुरक्षित’वर आला. ध्रुवीय अस्वल आणि चित्ताही ‘असुरक्षित’मध्येच आहेत. वाघ ‘संकटग्रस्त’ आहे. समुद्री कासवांच्या सात प्रजाती आहेत. त्यांतलं हॉक्सबिल ‘अतिसंकटग्रस्त’, तर हिरवं समुद्री कासव २०२५ मध्ये धोक्याच्या यादीतूनच बाहेर आलं. गेंड्याच्या पाच प्रजातींपैकी काळा, जावाचा आणि सुमात्राचा ‘अतिसंकटग्रस्त’ आहेत, बाकीचे दोन नाहीत. म्हणजे ‘कासव’ किंवा ‘गेंडा’ एवढं म्हणून भागत नाही. कुठलं कासव, कुठला गेंडा, हे चित्र काढायच्या आधी ठरलेलं असावं लागतं. फेरीत एखादं चौकस पोर हेच विचारील आणि शर्ट घातलेल्या कार्यकर्त्याला उत्तर देता येणार नाही. छापायला देण्याच्या आठवड्यात लाल यादीच्या संकेतस्थळावर प्रजातीची नोंद उघडून बघा. आणि शर्टावर ‘फक्त इतके उरले’ असा आकडा घालू नका. शर्ट पाच वर्षं अंगावर राहतो, आकडा तेवढा टिकत नाही.

नवांतला कुठला ठेवायचा? आमचं मत विचाराल तर ज्याचा डाग झालाय तोच, खवले मांजर. वाघाचे शर्ट पुष्कळ झाले, आणि वाघाचा चेहरा दिसला की लोक आधी एखाद्या संघाचं किंवा ब्रँडचं नाव शोधतात. खवले मांजर कोण हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. नावामुळे ते मांजराच्या जातीचं असेल असंही वाटतं, पण ते मांजराच्या कुळातलं नाही. छपाईच्या दृष्टीने तर ते वरदान आहे. अंगभर एकावर एक बसलेले स्पष्ट कडांचे आकार, म्हणजे निसर्गाने एका रंगाच्या छपाईसाठीच काढलेलं चित्र. छायाप्रकाश द्यावाच लागत नाही.

त्याच्या आठ प्रजाती आहेत, चार आशियात आणि चार आफ्रिकेत, आणि आठही धोक्यात आहेत. त्यांतली एक निवडा. भारतीय खवले मांजर घेतलंत तर ते ‘संकटग्रस्त’ आहे; चिनी, सुंदा आणि फिलिपिनी ‘अतिसंकटग्रस्त’. भारतीय प्रजातीचे खवले मोठे असतात, अंगाच्या मध्यभागी त्यांच्या ११ ते १३ रांगा भरतात. चित्रात पंचवीस रांगा दिसल्या की प्रजाती चुकली आणि छपाईही अवघड झाली. डोकं निमुळतं, डोळे बारीक, तोंडात दात नाहीत. पोट, पायांची आतली बाजू आणि चेहऱ्याचा खालचा भाग यांवर खवले नसतात. पुढच्या पायांची मधली तीन नखं लांब असतात आणि चालताना आत वळवलेली असतात. वाघासारखा पंजा पसरलेला काढलात तर जाणकार लगेच हसेल.

हात सगळ्यांत जास्त चुकतो तो खवल्यांत. बरेच जण माशाच्या खवल्यांचा तयार नमुना उचलतात आणि बाह्याकृतीत भरून टाकतात. मग प्राणी फरशी बसवल्यासारखा सपाट दिसतो. खऱ्या प्राण्याच्या डोक्यावर खवले लहान असतात, पाठीवर मोठे होत जातात आणि शेपटीच्या दोन्ही कडांना टोकदार होऊन बाहेर डोकावतात. सगळ्यांची टोकं मागे, शेपटीकडे. आधी पाठीच्या वळणाने पेन्सिलीच्या रांगा आखा, त्या पोटाकडे उतरताना एकमेकींच्या जवळ आणा आणि मगच खवले बसवा. रांगांच्या या वळणानेच गोलाई दिसते; शेडिंगने जे साधायला गेला होतात ते याने फुकटात साधतं. एआयकडून चित्र करून घ्यायचा मोह झाला तर तिथे हेच तपासा. मध्येच खवल्यांची दिशा फिरते, नखं पाचाची सहा होतात, आणि छपाईनंतर ते सगळ्यांना दिसतं.

मुद्रा कुठली घ्यायची? घाबरलं की खवले मांजर अंगाचं वेटोळं करतं. वाघ-सिंहांच्या दातांपुढे हा बचाव चालतो, पण शिकाऱ्याच्या दृष्टीने ते पळून न जाणारं, उचलून पोत्यात टाकता येणारं एक गाठोडं असतं. संरक्षणाची युक्तीच जिवावर उठली, हे एका गोलात दाखवता येतं, आणि तुमचा पृथ्वीचा गोलही न काढता चित्रात येतो. अडचण एकच: डोकं पूर्ण लपलेलं वेटोळं लोकांना पाइनचं फळ वाटतं. म्हणून वेटोळं किंचित उघडं ठेवा. शेपटीच्या कडेखालून मुस्कट, एक डोळा आणि पुढच्या पायाची नखं दिसू द्या. डोळ्याभोवती थोडी मोकळी जागा सोडा, म्हणजे नजर आधी तिथेच जाईल.

खवले आखायच्या आधी नुसती बाह्याकृती काळ्या रंगाने भरा, तीन सेंमी उंचीची करा आणि ज्याला विषय माहीत नाही अशा चार-पाच जणांना दाखवा. ‘काहीतरी प्राणी गुरफटून बसलाय’ एवढं उत्तर आलं तरी पास. ‘फळ’, ‘गोगलगाय’, ‘बॉल’ अशी उत्तरं यायला लागली तर मुस्कट आणखी बाहेर काढा.

गटाने हट्टाने दुसराच प्राणी निवडला तरी नियम हाच, की त्या प्रजातीची ओळख पटवणारी एक खूण मोठी आणि बिनचूक हवी. जॅग्वारच्या वर्तुळाकार ठिपक्यांत आत बारीक टिंबं असतात, बिबट्याच्या नसतात. चित्त्याचे ठिपके भरीव आणि डोळ्यापासून तोंडापर्यंत काळी धार. आफ्रिकी हत्तीच्या सोंडेच्या टोकाला दोन बोटं, आशियाई हत्तीच्या एक. भारतीय गेंड्याला शिंग एक, काळ्या गेंड्याला दोन. सुसरीच्या नाकावरचा घड्यासारखा फुगवटा फक्त वयात आलेल्या नरालाच असतो, तेव्हा पिल्लं घेऊन बसलेली आई काढताना तो मादीच्या नाकावर नको.

आता रंग. तुमच्या नमुन्यातला चिखल मुख्यतः इथून आला. तपकिरी, राखाडी आणि गडद हिरवा यांची छटा वेगळी असली तरी गडदपणा जवळपास सारखाच असतो. फाइल कृष्णधवल करून बघा. कापड आणि प्राणी एकमेकांत विरघळले तर रंग बदलून काही होणार नाही, उजेड-अंधाराचा फरकच वाढवावा लागेल. वर छपाईची शाई थोडी पारदर्शक असते. गडद कापडावर थेट छापलेला पिवळा मळका हिरवा दिसतो. म्हणून गडद कापडावर आधी पांढऱ्या शाईचा थर देतात, तो फ्लॅश, म्हणजे थोडा वेळ उष्णता देऊन वरवर सुकवतात आणि त्यावर बाकीचे रंग चढवतात. तुमच्या नमुन्यात हा थर एकतर नाही किंवा फार पातळ आहे.

सगळ्यांत सोपी वाट म्हणजे एकच रंग, सायीसारखा फिकट. कापडालाच दुसरा रंग माना. प्रत्येक खवला सायीच्या रंगाने भरा आणि दोन खवल्यांमधली रेघ छापूच नका. तिथे हिरवं कापड उघडं राहील. स्क्रीन एकच लागते, रंगांची जुळवणी सरकायचा प्रश्न उरत नाही, आणि छपाई हाताला जाड रबरासारखी लागत नाही. मापं अशी ठेवा: छापलेली सर्वांत बारीक रेघ ०.४ मिमीपेक्षा कमी नको, आणि उघडी सोडलेली फट ०.६ मिमीपेक्षा कमी नको. फटीला जास्त जागा का, तर शाई पसरते ती दोन्ही बाजूंनी फटीतच शिरते. तुमचं वेटोळं २२-२४ सेंमीचं झालं की एकेक खवला दोन-अडीच सेंमीचा होतो आणि एक मिमीची फट आरामात मिळते.

छापणाऱ्यांना सांगा की ११० ते १५६ मेशची (इंचाला तेवढे धागे असलेली) जाळी आणि जास्त झाकणारी शाई हवी, एक हात मारून फ्लॅश आणि वर दुसरा हात. फ्लॅश हाताला चिकटेनासं होईपर्यंतच द्यायचा असतो. पहिला थर पूर्ण भाजला गेला तर दुसरा त्याला धरत नाही आणि चार धुण्यांत पापुद्रे निघतात.

दुसरा रंग हवाच असेल तर नखं आणि डोळ्यासाठी गेरूसारखा तांबूस घ्या. तो सायीच्या रंगाला चिकटून ठेवू नका. हातछपाईत दोन रंग अर्ध्या मिलिमीटरने सरकणं रोजचंच आहे. मध्ये मिमीभर कापड उघडं ठेवलंत तर ते सरकणं कुणाच्या डोळ्यांत येणार नाही. दोन रंग चिकटलेच पाहिजेत असं चित्र असेल तर एक रंग दुसऱ्याखाली ०.४ मिमी सरकवा. रंगाखाली पांढरा थर असेल तर तो सगळीकडून ०.३ मिमी आत घ्यायला सांगा, नाहीतर प्राण्याभोवती पांढरी किनार डोकावते.

तरीही छायाप्रकाश हवाच असला तर तो ठिपक्यांत, म्हणजे हाफटोनमध्ये करावा लागतो: इंचाला ४५ ओळी, २२.५ अंशांचा कोन आणि २३० च्या आसपास मेश. कोन चुकला की ठिपके आणि जाळीचे धागे यांच्यात लाटांसारखे पट्टे उमटतात. शिवाय ठिपके छपाईत फुगतात. ५० टक्क्यांची छटा ६५-७० टक्क्यांची दिसू शकते. म्हणून मधल्या छटा आधीच उजळ ठेवाव्या लागतात. या प्राण्यासाठी हा खटाटोप आम्ही करणार नाही.

८० शर्टांना स्क्रीन छपाईच योग्य. दहा-बारा शर्ट आणि खूप रंग असते तर डीटीएफ (आधी फिल्मवर छापून मग गरम दाबून कापडावर चिकटवायची छपाई) चाललं असतं, पण त्यातही धूसर कडा आणि मऊ सावल्या टाळाव्या लागतात, कारण अर्धपारदर्शक भागाखालीही पांढरी शाई आणि गोंदाची पूड बसते आणि सावलीच्या जागी पांढुरका पट्टा दिसतो. आणि मोठा सलग भाग डीटीएफने छापला तर छातीवर प्लास्टिकचा तुकडा डकवल्यासारखा वाटतो; उन्हातल्या फेरीत तो नकोसा होईल.

अक्षरांकडे वळू. ‘न्य’ फुटला त्यात छापणाऱ्यांचा किंवा शाईचा दोष नाही. देवनागरीत जोडाक्षरं आणि वेलांट्या जागेवर बसवण्याचं काम सॉफ्टवेअर करतं, आणि काही सॉफ्टवेअरमध्ये ती सोय मुद्दाम सुरू करावी लागते. अडोबी इलस्ट्रेटरमध्ये टाइपच्या प्रेफरन्समध्ये भारतीय लिप्यांचे पर्याय सुरू करा आणि पॅराग्राफ पॅनलमध्ये ‘वर्ल्ड-रेडी’ कंपोझर निवडा. इंकस्केपमध्ये युनिकोड मराठी सहसा आपोआप नीट बसते. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉण्टच्या नादी लागू नका. तो फॉण्ट छापणाऱ्यांच्या संगणकावर नसला की तुमच्या घोषणेची बाराखडी होते. मजकूर पक्का झाला की सगळी अक्षरं आउटलाइनमध्ये, म्हणजे फॉण्ट न लागणाऱ्या नुसत्या आकारांत, बदला आणि मगच फाइल द्या. मूळ टाइप केलेली प्रत स्वतःकडे ठेवा, शुद्धलेखनाची चूक शेवटच्या क्षणीच सापडते.

आउटलाइन केल्यावर एक काम बहुतेक जण विसरतात. देवनागरी फॉण्टमध्ये शेजारच्या अक्षरांच्या शिरोरेषा एकमेकींवर थोड्या चढलेल्या असतात. त्या तशाच राहिल्या तर स्क्रीनसाठीच्या फिल्मवर चढलेल्या जागी बारीक भोक किंवा चीर येऊ शकते. व्हायनल कापणारं यंत्र तर प्रत्येक अक्षर वेगळं कापून ठेवतं. म्हणून शब्दातली सगळी अक्षरं निवडून ‘युनाइट’ करा, म्हणजे शिरोरेषा अखंड एक आकार होते.

तुमची शिरोरेषा तुटण्याची आणखी दोन कारणं फोटोत दिसतात. एक, अक्षरांमधलं अंतर तुम्ही वाढवलंय. रोमन अक्षरांना ते शोभतं, मराठीत शब्दाचे मणी सुटतात. ट्रॅकिंग शून्यावर ठेवा. दुसरं, ती कमान. मजकूर वक्र रेघेवर चढवला की सॉफ्टवेअर प्रत्येक अक्षर सरळ ठेवून नुसतं तिरकं करतं, त्यामुळे शिरोरेषेचे तुकडे कोनात भेटतात आणि वर फटी राहतात. कमान हवीच असेल तर आधी आउटलाइन, मग युनाइट आणि शेवटी वॉर्पने वाकवा, म्हणजे रेघ स्वतः वाकते. पण गोल प्राण्याखाली सरळ ओळच जास्त ठसते.

फॉण्ट मध्यम जाडीचा घ्या. अतिजाड अक्षरांत ‘ष’, ‘क्ष’, ‘भ’ यांच्या पोटातली जागा बुजते आणि अनुस्वार शिरोरेषेला जाऊन चिकटतो. त्या टिंबाखाली ०.६ मिमी फट आहे का, हे खऱ्या मापात मोजा. मुक्ता आणि बलू हे मोकळ्या परवान्याचे फॉण्ट छपाईला चांगले. मराठी वळणाचा ‘ल’ आणि ‘श’ हवा असेल तर तिरो देवनागरी मराठी बघा, मात्र त्याच्या बारीक रेघा मोठ्या आकारातच टिकतात. तीन मीटरवरून वाचायचं तर शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंत दोन सेंमी तरी उंची हवी. म्हणजे २६ सेंमी रुंदीत ओळीला तीन शब्द, फार तर चार.

त्या तीन-चार शब्दांत ‘वन्यजीव वाचवा’ घालणं म्हणजे जागा वाया घालवणं. वाचणाऱ्याने काय करावं, काय सोडावं, हे त्यातून कळत नाही. खवले मांजराची शिकार होते ती मांसासाठी आणि खवल्यांसाठी. खवल्यांत औषधी गुण असतात असं मानलं जातं, आणि ते खवले केराटिनचे असतात, म्हणजे आपली नखं ज्याची असतात त्याच पदार्थाचे. २०१६ साली जोहान्सबर्गच्या परिषदेत साइट्स या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या देशांनी आठही प्रजाती परिशिष्ट १ मध्ये टाकल्या. रानातून पकडलेल्या प्राण्यांचा आंतरराष्ट्रीय व्यापार त्यामुळे कायद्याने बंद झाला. चोरटा व्यापार गिऱ्हाइकाच्या समजुतीवर चालतो, तेव्हा शर्टाने गिऱ्हाइकाशीच बोलावं:

खवले म्हणजे नखंच.
औषध नव्हे.

खाली बारीक अक्षरांत ‘भारतीय खवले मांजर – संकटग्रस्त’. बारीक म्हणजे सात-आठ मिमी, त्याखाली नाही. खवल्यांना किंवा शिंगाला बाजारात काय भाव मिळतो, हे कधीही छापू नका. ती व्यापाऱ्याची जाहिरात होते. माणसाने प्राण्याला कवटाळलेलं चित्रही नको. चिंपांझींच्या चित्रांवर झालेल्या अभ्यासात असं दिसलं, की शेजारी माणूस उभा दिसला की बघणाऱ्यांना ते पाळण्याजोगे वाटतात आणि त्यांच्यावरचं संकट कमी वाटतं. खवले मांजर तसंही पिंजऱ्यात फार कष्टाने जगतं.

चित्रासाठी इंटरनेटवरचा एखादा फोटो गिरवू नका. फोटो गिरवून केलेलं चित्रही छायाचित्रकाराच्या हक्कात येऊ शकतं. पाच-सहा वेगळे फोटो समोर ठेवून शरीररचना समजून घ्या आणि मुद्रा स्वतःची काढा. मोकळ्या परवान्याचा फोटो वापरत असाल तर परवान्याची अक्षरं वाचा: ‘एनसी’ असेल तर शर्ट विकता येणार नाहीत, ‘एनडी’ असेल तर फोटोत बदल करता येणार नाही. नावाजलेल्या संस्थांची बोधचिन्हं, अगदी सद्भावनेने सुद्धा, परवानगीशिवाय लावायची नाहीत. शर्टाचे पैसे प्राण्यांच्या कामाला जाणार असतील तर ‘नफ्यातला काही भाग’ असं मोघम न लिहिता प्रत्येक शर्टामागे नेमकं किती आणि कुणाला जाणार, ते सोबतच्या चिठ्ठीवर लिहा.

फाइल व्हेक्टरमध्ये (कितीही मोठं केलं तरी कडा न फुटणारं रेघांचं चित्र) द्या, खऱ्या मापात. हाताने काढून स्कॅन करणार असाल तर २६ सेंमी रुंदीला ३०० पीपीआयने (इंचाला ३०० पिक्सेल) सुमारे ३०७० पिक्सेल होतात. एकरंगी रेघांच्या चित्राला ६०० पीपीआयने स्कॅन करून मग व्हेक्टर करणं बरं. चित्राची वरची कड गळ्याच्या शिवणीखाली सात-आठ सेंमीवर ठेवा. त्याहून खाली गेली की चित्र पोटावर उतरतं. २६ सेंमीची एकच स्क्रीन स्मॉलपासून एक्स्ट्रा लार्जपर्यंत चालते. मुलांच्या शर्टासाठी १८ सेंमीची वेगळी स्क्रीन लागेल, आणि त्यात तुमची एक मिमीची फट ०.७ मिमीच्या आत येते. कसाबसा टिकाव लागतो. फट ०.८ पासून सुरू केली असती तर मुलांच्या शर्टावर पुन्हा डाग झाला असता.

कापड शंभर टक्के सुती घ्या, १८० जीएसएमच्या (चौरस मीटरला ग्रॅम) आसपास. पॉलिस्टरची भेसळ असली तर शाई भाजताना कापडातला हिरवा रंग वाफ होऊन शाईत शिरतो आणि छापताना छान दिसलेला सायीचा रंग दोन दिवसांनी पोपटी पडतो. तसंच कापड गळ्यात पडलं असेल तर रंग अडवणारी खास शाई मागा. प्लास्टिसोल शाई पूर्ण जाडीत साधारण १६० अंश सेल्सिअसपर्यंत तापायला हवी. वरचा थर कोरडा लागला म्हणजे आतली शाई शिजली असं होत नाही. ८० शर्ट छापायच्या आधी एक छापून घ्या, थंड झाल्यावर छपाई दोन्ही हातांनी ताणा. भेगा पडल्या आणि सोडल्यावर तशाच राहिल्या तर भाजणं कमी पडलंय. मग तो शर्ट उलटा करून चार-पाच वेळा धुवा आणि मगच पुढच्या कामाला हो म्हणा.

राहिला क्यूआर कोड. पाठीवर नको. कापडाला सुरकुत्या पडतात, माणूस चालत असतो, आणि अनोळखी माणसाच्या पाठीमागे फोन धरून फिरायला कुणी धजत नाही. शिवाय पत्ता बंद पडला की शर्टावर मेलेला चौकोन कायमचा राहतो. शर्टासोबत द्यायच्या चिठ्ठीवर तीन सेंमीचा कोड छापा, चारही बाजूंनी कोडातल्या चार बारीक चौकटींएवढी मोकळी जागा सोडा, आणि पत्ता असा ठेवा की त्यामागचं पान तुम्हाला नंतर बदलता येईल. मित्राला कोड शर्टावरच हवा असेल तर गळ्याच्या आत, लेबलच्या जागी घाला.